चौथीच्या वर्गातलं शेवटचं बाक

पन्नास सालानंतरची गोष्ट. मालाडच्या आमच्या म्युनिसिपालटीच्या शाळेला चुना लावायला एका रविवारी सतरा पालक येणार होते. यादी माझ्याकडे होती. मोजली तर माणसं अठरा भरली.

अठरावा धोतर गुडघ्यावर खोचून झपाझप कुंचला मारत होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मधूनच तो दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघून डोळे मिचकावायचा.

"तुमची मुलगी कितवीत?" मी विचारलं.

"चौथीत घालायचीय. गुरुजी म्हणतात, जागा नाही. म्हटलं, चुना लावता लावता बघू तरी." मग हळूच म्हणाला, "बाकं मीच बाहेर काढली, भाऊ. वीस आहेत, दोघादोघांची. पोरं किती?"

माझा मुलगा त्याच वर्गात होता. "एकोणचाळीस."

तो गालातल्या गालात हसला.

संध्याकाळी शेवटचं बाक आत न्यायला त्याने मला हाक मारली. बाकावर त्याची मुलगी पाटी घेऊन बसली होती. आम्ही तिच्यासकट बाक वर्गात नेऊन ठेवलं. हेडमास्तर समोरच उभे होते.

"ही कोण? उठवा तिला."

"उठवतो ना, गुरुजी. पण मग जागा रिकामी दिसेल."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"एक जागा उरते खरी," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. "नाव सांग गं. पूर्ण सांग."

तो तोवर बादली उचलून दारापर्यंत पोचला होता. तिथून म्हणाला, "पुढच्या वर्षी हिचा भाऊ आहे पहिलीला. छपराचं काम निघालं की कळवा."