दार उघडायची वेळ

आमच्या टॉकीजमधला पिक्चर चालणार की पडणार, हे मालकाच्या आधी बॅटरीमामांना कळतं. आणि गंमत म्हणजे मामांनी तो पाहिलेलाच नसतो.

मामा इथले डोअरकीपर. अंगाने सडपातळ, डावा खांदा किंचित उतरलेला, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. पडद्याच्या बाजूला बाहेर जायचं मोठं दार आहे, त्या दाराशी हातात बॅटरी घेऊन ते पडद्याकडे पाठ करून उभे राहतात. कोणी नवखा म्हणतो, "अहो, फुकट आहे तर बघा की!" मामांचं उत्तर ठरलेलं. "उजेडाकडे बघितलं की अंधारात दिसत नाही. मग कोणाची आजी पायरीवरून पडली, तर तिला उचलायला काय हिरो खाली उतरणार आहे?"

म्हणून त्यांनी आयुष्यभर पाहिले ते लोकांचे चेहरे. एकदा एका वितरकाने पहिल्याच खेळानंतर त्यांच्या गळ्यात हात टाकून विचारलं, "काय मामा, हिट ना?" मामा म्हणाले, "साहेब, मध्यंतरानंतर लोक पडद्यापेक्षा घड्याळ जास्त बघत होते." साहेबांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. पिक्चर आठवड्यात उतरला. मामांना खोटं बोलता येतच नाही. बिचारे कधी प्रयत्न करतात, तेव्हा त्यांचे कान लाल होतात.

मी इथलं कँटीन चालवते. माझा चहा चांगला आणि जीभ तिखट, असं लोक म्हणतात. चहा चांगला आहे हे मलाही माहीत आहे.

मामांची मुलगी माझ्या डोळ्यांदेखत वाढली. तिची आई फार लवकर गेली. पोरीला घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून मामा तिला कामावर घेऊन यायचे आणि मागच्या कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवर बसवायचे. ती जुन्या पोस्टरच्या पाठीमागे चित्रं काढायची आणि काढता काढता तिथेच झोपायची. खेळ संपला की मामा तिला उठवायचे. बॅटरीचा झोत तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून काचेवर बोटं धरायचे, मग त्या बोटांमधून लालसर उजेड जमिनीवर पडायचा आणि त्या उजेडात दोघं हळूहळू चालत बाहेर यायची. ते बघितलं की मी उगाचच कोणावर तरी ओरडायचे.

मोठी झाल्यावर पोरगी दूरच्या शहरात ॲनिमेशनच्या कंपनीत लागली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "बापाने पोरीला शिकवलं आणि ती कार्टून काढतेय!" मामा एका शब्दाने काही बोलले नाहीत, तिलाही आणि नातेवाइकांनाही. त्यांना तिचं काम नेमकं काय ते कळत नव्हतं, एवढं मात्र मला ठाऊक होतं.

आणि यंदा तिच्या कंपनीचा पिक्चर आमच्याच टॉकीजला लागला. एका गाजलेल्या कादंबरीवरचा. एक जग पाण्याखाली जातं, उरलेली माणसं एका प्रचंड यानात बसतात आणि पिढ्यान् पिढ्या नवं घर शोधत आकाशातून जात राहतात. यान चालवणाऱ्या यंत्राला म्हातारपण येतं आणि ते एकेक गोष्ट विसरायला लागतं. सगळं चित्रांमधलं, पण पोरासोरांपुरतं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मामा फोन कानापासून वीतभर लांब धरतात, त्यामुळे त्यांचा फोन म्हणजे माझाही फोन.

"बाबा, एक काम कराल? अगदी शेवटी एक छोटा तुकडा आहे. तो पूर्ण माझा आहे. लोक तो बघतात का, एवढंच मला सांगा."

"आहे काय त्यात?"

"ते नाही सांगणार. तुम्ही फक्त चेहरे बघा. इथे सगळे गोड बोलतात हो. काहीजण म्हणतात, तो तुकडा उगाच आहे, काढून टाका. मलाही आता कळेनासं झालंय. लोक उठून जात असतील तर मला हे काम येत नाही असं समजेन, आणि काकांनी बघितलेली ती बँकेतली नोकरी धरेन. पण खोटं सांगू नका."

"मला येतं का खोटं सांगता?" मामा म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी चहा मागवला आणि तो तसाच गार होऊ दिला.

पिक्चरला गर्दी चांगली झाली. मध्यंतरात माझ्या कँटीनपुढे जी मतं पडली, ती ऐकून मला पिक्चर न बघताच पाठ झाला. एक आजोबा म्हणाले, "नातवाला दाखवायला आणला, आणि तोच मला रुमाल देतोय!" एक बाई म्हणाल्या की ते म्हातारं यंत्र हुबेहूब त्यांच्या सासूसारखं बोलतं, आणि इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मी चाटच पडले. कॉलेजातला एकजण तावातावाने सांगत होता, "अवकाशात हवाच नाही, तर स्फोटाचा आवाज येईलच कसा?" मी म्हटलं, "तुझा येतोय ना इथपर्यंत? तसाच. साखर किती घालू?"

आणि शाळेतल्या बाई. बगलेत कादंबरी घेऊनच आल्या होत्या. दर दोन मिनिटांनी "पुस्तकात असं नाहीये" म्हणायच्या आणि शेजारच्यांना हैराण करायच्या. खेळ संपल्यावर त्या तणतणतच माझ्याकडे आल्या. "सगळं माफ केलं असतं हो मी! पण शेवटचं पान गाळलं. त्या पानासाठी मी कादंबरी तीनदा वाचली. आणि या लोकांनी नुसता अंधार केला आणि संपवलं!"

मामा शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

दोन दिवस त्यांनी प्रत्येक खेळ पाहिला, म्हणजे लोक पाहिले. रडायच्या जागी लोक रडत होते, हसायच्या जागी हसत होते. पण शेवट आला की खुर्च्या खडखडायच्या आणि सगळे दाराकडे. शेवटच्या तुकड्याला बसून राहिलेला एकही माणूस त्यांना दिसला नाही.

मी म्हटलं, "मामा, सांगा की थोडे थांबतात म्हणून. पोरीचं मन राहील."

"वहिनी, तिने खरं मागितलंय," ते म्हणाले, आणि माझ्यासमोरच फोन लावला. "बाळा, लोक उठतात गं."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, बाबा." आवाज अगदी शांत होता. मामांनी फोन खिशात ठेवला आणि कारण नसताना बॅटरीची काच पुसत बसले.

मला राग आवरेना. नेमक्या त्याच संध्याकाळी शाळेतल्या बाई पुन्हा आल्या, आता बहिणीला घेऊन. इतकी नावं ठेवून पुन्हा तिकीट काढणारी माणसं मला फार आवडतात, पण त्या दिवशी मी त्यांच्यावरच घसरले.

"काय हो बाई, शेवटचं पान गाळलं म्हणून गावभर सांगता. शेवटपर्यंत बसला होतात का?"

"म्हणजे? संपल्यावरच उठले मी."

"संपला हे कसं कळलं?"

"कसं म्हणजे काय? अंधार झाला, दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला. दार उघडल्यावर कोण बसून राहतं?"

मी मामांकडे बघितलं. मामा माझ्याकडे. त्यांच्या हातातली बॅटरी खाली आली.

पडदा काळा झाला की कडी काढायची आणि दार सताड उघडायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. पुढच्या खेळाआधी हॉल झाडायला वेळ मिळावा म्हणून मालकानेच लावलेली. इतकी वर्षं अंधारानंतर नुसती नावं येत होती आणि नावं कोणी वाचत नव्हतं. या पिक्चरला अंधारानंतर पोरीचा तुकडा होता. आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिलेला तिचा बाप दर खेळाला बरोबर त्याच क्षणी दार उघडत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"मीच उठवत होतो की लोकांना," मामा म्हणाले. त्यांचा तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.

"आता रडत बसू नका," मी म्हटलं. "खेळ आहे ना संध्याकाळचा? दाराला हात लावाल तर खबरदार!"

त्या खेळाला मी कँटीन बंद केलं आणि मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवट आला, अंधार झाला. मामांचा हात आपोआप कडीवर गेला आणि तिथेच थांबला. लोक उठले, दाराकडे वळले. दार बंद. कोणीतरी म्हणालं, "अरे, अजून आहे वाटतं." एकेकजण खाली बसला.

पडद्यावर यानातली लांबलचक ओळ दिसली, झोपलेल्या माणसांची. त्यातून एक म्हातारा पहारेकरी चालला होता. डावा खांदा उतरलेला. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. एका हाताला अर्धवट झोपेतली एक लहान मुलगी, दुसऱ्या हातात दिवा. आणि दिव्यावर बोटं धरलेली, त्यातून लाल उजेड जमिनीवर पडलेला.

शाळेतल्या बाईंनी बहिणीचा हात धरला आणि त्या पुटपुटल्या, "हेच ते शेवटचं पान!" मग पुढच्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "अरे, हे तर बॅटरीमामा!"

सगळ्यांच्या माना पडद्यावरून दाराकडे वळल्या. मामा गोंधळले. "वहिनी, हे सगळे माझ्याकडे काय बघताहेत?"

"मागे बघा, मामा! मागे!"

ते वळले, पण तोवर नावं सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिकीट काढून मधल्या रांगेत बसवलं आणि बॅटरी स्वतः घेतली. मालक कुरकुरला, त्याला मी चहा पाजून गप्प केलं. पडद्याकडे पाठ करून मी दाराशी उभी राहिले, मामांनी शिकवलं तशी. मला फक्त एकच चेहरा बघायचा होता.

खेळ संपल्यावर मी पोरीला फोन लावला.

"काकू, मी सामान बांधतेय," ती म्हणाली. "काकांना हो म्हणून कळवलंय."

"त्यांना नाही म्हणून कळव. लोक थांबतात. तुझा बापच दार उघडून त्यांना उठवत होता. ते सगळं तोच सांगेल. आज त्याला खुर्चीवर बसवून दाखवला मी तुझा तुकडा."

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"काहीच नाही?"

"अगं, नावं संपली. मी दार उघडलं, उजेड आत आला, माणसं गेली, झाडणारी बाई मधल्या रांगेपर्यंत झाडत आली," मी म्हटलं. "तरी ते उठले नाहीत. अजून बसलेत."