कांद्यांचं सासर

विजय नगरच्या बाजारात कांदे विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. लहान, एकसारखे, बुडाची मुळं शाबूत असलेले कांदे मी वेचत होतो, तर ती म्हणाली, "पोरी पाहायला आला का, भैया? काहून एवढं निरखून राहिला?"

मी खरं ते सांगितलं. सॉस टिकावा म्हणून त्यात जी पूड घालतात, तिच्यानं पेशींतला डीएनए तुटतो का, हे आम्ही कॉलेजात कांद्याच्या मुळांवर तपासतो. काही कांदे साध्या पाण्यावर बसवतो, काही पुडीच्या.

तिनं एकेक कांदा पदराला पुसून पिशवीत ठेवला. त्यानंतर मी दिसलो की हनुवटी उचलून विचारायची, "नांदून राहिल्या का पोरी?"

एकदा उत्साहाच्या भरात मी सांगून बसलो, की पुडीच्या पाण्यातल्यांची मुळं खुंटली, आणि मग सगळ्यांचेच शेंडे कापून, ठेचून आम्ही मायक्रोस्कोपखाली घातले.

तिनं हातातला तराजू खाली ठेवला. मी शेजारच्या कांद्यांच्या हातगाडीकडे वळलो, तर मागून तिनं त्या गाडीवाल्याला ओरडून सांगितलं, "ए भैया, इसको मत देना! पहिल्या सगळ्या मेल्या याच्या घरी!"

डीएनएचं काय झालं, ते तिनं विचारलंच नाही.

आता मी दुसऱ्या बाजारातून कांदे आणतो. तिथला माणूस विचारतो, कशाला हवेत? मी सांगतो, भज्यांसाठी. तो खूश होतो आणि एक कांदा वरून जास्त टाकतो.