मारोतीभाऊजींची सावड

ये गं रेखे, अशी जवळ बस. तू हैदराबादेत आहेस हे ठाऊक आहे मला, पण लिहिताना समोर बसली आहेस असंच धरते. थोडी रागावणार आहे. तुझ्या बाबाला जाऊन महिना झाला आणि पेपरात तू काय छापलंस? ‘रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा व्यवसाय, मनमिळाऊ स्वभाव.’ बस? अगं, मेल्यावर सगळेच मनमिळाऊ होतात! मी कापूस वेचत होते तेव्हा शेजारची शांता शेताच्या धुऱ्यावरून ओरडली, “बाई, मारोतीभाऊ गेले वो...” आणि खरं सांगते, मला रडू नाही आलं, आधी तुझी ती भाऊबीज आठवली. ती वाचणाऱ्यांनाही कळू दे, म्हणून हे पत्रही पेपरातच देतेय.

मारोतीभाऊजी माझे धाकटे दीर. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन आदिलाबादजवळच्या बेल्याला आले, तर हे महाशय ओसरीत सासूबाईंचा रेडिओ उघडून बसलेले. मी म्हटलं, “भाऊजी, आतली बातम्या सांगणारी बाई सापडली का?” मान वर न करता म्हणाले, “सापडली वैनी, पण तुमच्यावानीच हाये, बोलणं थांबतच नाही.” तिथून आमची जी जुंपली ती शेवटपर्यंत. पुढे बाजारात दुकान टाकलं, रेडिओवरून टीव्हीवर आले, आणि नव्वदचं दशक संपता संपता आदिलाबादच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून जुना कॉम्प्युटर घरी आणला.

तो कशासाठी, ते तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगते. रेखा उन्हाळ्यात मंचेरियलला मामाकडे गेली होती. तिथं मामाची पोरं कॉम्प्युटरवर मोटार पळवायची. हिनं हात लावला की, “सरक, तुले नाही जमत.” महिनाभर नुसती मागं उभी राहून आली आणि आल्यावर जेवली नाही. भाऊजी तिला म्हणाले, “भाऊबीजेला मामा आपल्या घरी येते ना? त्या दिवशी पयली गाडी तू चालवशील.” झालं. बापानं शब्द दिला.

त्या कॉम्प्युटरवर त्यांनी लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी, फुकट वाटली जाणारी व्यवस्था चढवली होती. तिच्यात मोटारीचा खेळही होता. पण मोटार चालायची बैलबंडीसारखी, एक चित्र दिसलं की दुसऱ्याची वाट पाहा. चित्रं भराभर काढायला वेगळं कार्ड लागतं म्हणून तेही आणलं. तरी तेच. भाऊजींनी मला समजावलं, कार्डाचं बोलणं कॉम्प्युटरला कळावं म्हणून मधे एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डासोबत आलेला ड्रायव्हर लिनक्सवर चालत नव्हता. पण जगभरचे लोक मिळून दुसरा लिहीत होते, उघडा. कुणीही आत पाहावं, सुधारावं, पुढं द्यावं. मी म्हटलं, “हे तर सावड झाली की! आज तुमी माझ्या वावरात, उद्या मी तुमच्या.” भाऊजी इतके खूश झाले, “वैनी, दिवसभर समजावून राह्यलो, अन् तुमी एका शब्दात सांगितलं!”

तो उघडा ड्रायव्हर आदिलाबादच्या नेटच्या दुकानातून फ्लॉप्यांवर आणला. चढवला की पडदा काळा. दिवाळी तोंडावर आली. शेवटी लिहिणाऱ्यांपैकी एकाला मेल करायचा ठरला. मी बाजारासाठी आदिलाबादला सोबत होते. पाहते तर मोडक्या इंग्रजीत पाऊस कसा झाला, कापूस कसा आहे, तुमच्याकडे पीकपाणी काय, घरचे बरे ना... “भाऊजी, कामाचं लिहा की!” तर म्हणतात, “कोणाच्या घरी गेलं तर दारातूनच औत मागते का कोणी?” दुकानदार हसून बेजार.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. त्या माणसानं आधी लिहिलं होतं, इथं बर्फ पडतोय, शेत नाही पण परसात बटाटे लावतो, ते बरे झाले. आणि खाली, तुमच्या कार्डाचा नंबर ड्रायव्हरच्या यादीत नाही म्हणून तो त्याला ओळखत नाही. अमुक ठिकाणी ही ओळ घाला. भाऊजींनी ओळ घातली आणि कॉम्प्युटरला ड्रायव्हर नव्यानं बांधायला लावला. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत होत्या, इकडं आम्ही जावा-जावा करंज्या तळत होतो. भाऊबीजेला दुपारी मामा पोरांसह दारात, आणि आतून भाऊजींची आरोळी, “वैनी, पळते! मोटार पळते वो!”

मामाचा थोरला सवयीनं पुढं आला, “सरक.” भाऊजी म्हणाले, “आज नाही सरकत ती.” पहिल्याच वळणावर तू गाडी भिंतीत घातलीस आणि काय खळखळून हसलीस, रेखे! मग अशी पळवलीस की तोच पोरगा गयावया करू लागला, “ताई, एक डाव मले दे ना वो.” तू दिलास. बापाकडे पाहून दिलास.

पुढं त्या बटाटेवाल्यानं आपल्या कार्डाचा नंबर सगळ्यांच्या ड्रायव्हरमध्ये घातला. तसं कार्ड असलेल्या कुणाचाच पडदा आता काळा होणार नव्हता, आमच्या बेल्यामुळं! पण भाऊजींना चैन नाही. “तो माझ्या वावरात येऊन गेला, मी त्याच्या वावरात कवा जाऊ?” असं त्यांनी त्याला लिहिलंही. तो म्हणाला, इकडं कशाला, तिकडं कुणी अडला तर त्याच्याजवळ बसा. ते बसले. आजारी पडेपर्यंत दुकानात कुणी अडलेलं मशीन घेऊन आलं की स्टूल ओढायचे आणि आधी विचारायचे, “पाऊस कसा हाये तुमच्याकडं?”

परवा वर्धा नदीपलीकडच्या गावची एक पोरगी लॅपटॉप छातीशी धरून आली. खेळ सुरू केला की पडदा काळा होतो म्हणे. मारोतीकाका नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मी तिला पाणी दिलं, पाऊसपाणी विचारलं, आणि सांगितलं, त्यांची लेक येणार आहे, ती बसेल तुझ्याजवळ. तुला न विचारता सांगितलं, आता तूच माझ्यावर रागाव. दुकान झाडून ठेवलंय. पोरगी रविवारी परत येणार आहे... तू शनिवारीच ये.