शेठजींचा सहाचा धडा

“समजलं? चला पुढं.”

असं म्हणून शेठजी उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचे आणि पुस्तकाचं पान उलटायचे. दिवेलागणीला तीर्थपुरीच्या बाजारात ज्यानं हे ऐकलं नाही, तो बाजारात आलाच नाही असं समजा. त्यांचं कापडाचं दुकान आणि माझं शिलाईचं, समोरासमोर. मधे बैलगाडी जाईल एवढी गल्ली. त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर दहावीपर्यंत शिकलो, फक्त परीक्षेला बसलो नाही.

शेठजींचं घराणं मूळ राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथंच मुरलेलं. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ देणार नाही असा हा माणूस. तो एके संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी गादीवर शाळेचं पुस्तक उघडून बसला, तेव्हा शेठजींचं काहीतरी बिघडलं असंच गल्लीला वाटलं.

बिघडलं होतं ते शाळेत. कंचन ही त्यांची एकुलती एक मुलगी. बोलायला चुणचुणीत. साडी घ्यायला आलेल्या बाईला असा रंग सुचवायची की ती दुसरा बघायचीच नाही. पण पुस्तक समोर आलं की तिचा चेहरा पडायचा. आठवीत गेली तरी एक ओळ धड वाचता येत नव्हती, लिहायला बसली की अक्षरं मागेपुढे व्हायची. गुरुजींनी तिला वर्गाबाहेर उभं केलं, आळशी म्हणाले, ढ म्हणाले. शेवटी शेठजींना बोलावून सांगितलं, “हिच्या डोक्यात काही शिरत न्हाई शेठजी. घरी बसवा.” शेठजींच्या थोरल्या भावाला तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली.

कंचन बापाला एवढंच म्हणाली, “बाबूजी, अक्षरं एका जागी थांबतच न्हाईत. मी खोटं न्हाई बोलून राह्यले.”

बापानं यावर विश्वास ठेवला. मला विचाराल तर शेठजींनी आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. शाळा एकीकडे, भाऊबंद एकीकडे, आणि हा माणूस तेरा वर्षांच्या पोरीचा शब्द खरा धरून तिला घेऊन औरंगाबादला गेला.

परत आले ते थेट माझ्या दुकानात. “मास्टर, औरंगाबादला गेल्तो. डॉक्टरीणबाई म्हन्ल्या, डोळे बराबर हायेत, डोकं तर बिलकुल तेज हाय. वाचनं-लिहिनं तेवढं हिला जड जातं. त्यात तिचा काही कसूर न्हाई. कानानं शिकवा म्हन्ल्या. इंग्रजीत नाव हाय त्याला, माझ्या ध्यानात न्हाई राह्यलं.” मग म्हणाले, “पर नाव हाय ना मास्टर. म्हंजी अशी लेकरं अजून बी असतील. माझी एकटीच न्हाई.”

मी उगीच सुईत दोरा ओवत बसलो.

सुरुवातीला ते दुकानामागच्या खोलीत दार लावून वाचून दाखवायचे. थोरल्या भावाचा तसा हुकूमच होता. पण एक दिवस कंचननं विचारलं, “बाबूजी, आपण चोरी करून राह्यलो का?” दुसऱ्या दिवशी सहा वाजता बापलेक बाहेर गादीवर येऊन बसले. थोरला भाऊ तणतणत आला. “भर बाजारात पोरीची खोट दाखवतो? कोन करील हिला?”

“लपवलं तर तिलाच वाटंल की खोट हाय,” शेठजी म्हणाले आणि धडा सुरू केला.

त्यांचं वाचन म्हणजे ऐकण्यासारखी गोष्ट होती. छापलेलं एक अक्षर सोडायचे नाहीत. धडा, स्वाध्याय, पानाचा नंबर, सगळं एका सुरात. ‘आकृती पाहा’ असं आलं की आकृतीवरून कंचनचं बोट फिरवायचे, “पाहिली?” विचारायचे, आणि मगच “समजलं? चला पुढं.” एक धडा चार चार वेळा वाचायला लागला तरी आवाज चढायचा नाही. मी मशीन चालवत असलो की मात्र समोरून हाक यायची, “मास्टर, जरा पाय थांबवा ना. पोरगी ऐकून राह्यली.” माझे किती झंपर त्या धड्यांपायी लांबले असतील! बायका मला बोलून जायच्या, शेठजींना कोणी काही बोलायचं नाही.

एकदा लग्नसराईत जांब समर्थकडची मंडळी बस्ता बांधायला आली. पुरं लग्नाचं कापड, म्हणजे केवढं गिऱ्हाईक! शेठजींनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, “सात वाजेस्तोर बसा. पोरीचा धडा हाय.” मी कपाळाला हात लावला. धडा हृदयाचा होता. मंडळी बिचारी ऐकत बसली. नवरीच्या आत्याबाईंनी तर मधेच विचारलं, “मंग ते रगत परत कुठून येतं?” शेठजींनी पान उलटून परत वाचलं. बस्ता तिथंच बांधला गेला.

दहावीला लेखनिक मिळावा म्हणून शेठजींनी औरंगाबादच्या किती चकरा मारल्या, ते त्यांनाच ठाऊक. परवानगी आली. नववीतली एक मुलगी प्रश्न वाचून दाखवणार आणि कंचन सांगेल ते लिहिणार. विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी ती लेखनिक पोरगी रडकुंडीला येऊन दुकानात आली. “काका, ताईनं हृदयाचं उत्तर सांगितलं, आन्‌ मंग म्हन्ली, आकृती पाहा, पाहिली, चला पुढं. मी ते बी लिहून टाकलं!”

सगळी गल्ली हसली. शेठजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

कंचन पास झाली. शेठजी पेढे घेऊन पहिल्यांदा त्या गुरुजींकडेच गेले. “गुरुजी, घरी न्हाई बसवली,” एवढंच म्हणाले. गुरुजींनी पेढा हातातच धरला. मग हळूच म्हणाले, “आणखी एक पोरगा हाय वर्गात. पाठवू का सहाला?” त्यानंतर गादीवर कधी दोन, कधी तीन पोरं दिसायची.

कंचन लग्न होऊन जालन्याला गेली. बघायला आलेल्या मुलाला तिनं स्वतःच सांगितलं होतं, “मला वाचायला जड जातं. ऐकलेलं मात्र मी विसरत न्हाई.” दाराशी उभ्या थोरल्या काकांनी डोळे मिटून घेतले होते. मुलगा हो म्हणाला.

शेठजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाण्याआधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या आवाजानं माझी मशीन थांबायची, तो आवाजच गेला. मी भेटायला गेलो तेव्हा सहा वाजत आले होते. दुकानामागच्या त्याच खोलीत ते पडून होते, दार मात्र सताड उघडं होतं. उशाशी कंचन बसली होती. हातात पुस्तक नव्हतं.

“हृदयाचे चार कप्पे असतात,” तिनं सुरू केलं. तोच संथ सूर, तेच थांबणं. मी दारातच उभा राहिलो. बाहेर गिऱ्हाईक येत होतं, पण आता दुकान सांभाळणाऱ्या पुतण्यांनी गादीवरून कोणालाही हाक मारली नाही.

“आकृती पाहा. पाहिली?” कंचननं विचारलं.

शेठजींनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. बोट जिभेला लागलं, आणि त्यांनी पांघरुणाची कड उलटली.

कंचन हात खाली येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “समजलं बाबूजी. चला पुढं.”