भिंतीचा हंबरडा आणि मुलाचे मामा

आमच्या वारूळवाडीच्या घरात नळ सोडला की भिंत हंबरायची. आधी घरघर, मग कण्हणं, मग थेट हंबरडा!

आमच्या विद्याला बघायला निमगाव सावाहून पाहुणे यायचे होते. त्या सकाळी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "पलंबरला बोलवा. पावणं म्हणतील, घरात रेडा कोंडलाय!"

"एवढ्याशा कामाला पलंबर?" म्हणत मी पाना घेऊन गच्चीवर गेलो. (इथंच मला कुणीतरी धरायला हवं होतं.) बायकोला खाली नळ सोडायला लावला आणि टाकीचा कॉक जरा आवळला. आवाज कमी! आणखी आवळला. आणखी कमी! पार आवळला. शांतता! खाली येऊन बघतो तर नळाला मुकाट पाणी. (ते पाइपात उरलेलं होतं, हे ज्ञान मागाहून झालं.)

तेवढ्यात पाहुणे आलेच. पोहे झाले, विद्या येऊन बसली, बोलणी रंगली. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले मुलाचे मामा तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले.

"ओ पावणं! पाणी गेलं! डोळ्यात साबण हाय राव!"

मी गच्चीकडे धावलो. इकडे मामा डोळे मिटून हाताला लागेल तो नळ फिरवत होते, शॉवरसकट! तिकडे कॉक हलेना. शेवटी पान्यानं दणका घातला. कॉक एकदम सुटला, भिंत अशी हंबरली की शेजारच्या गोठ्यातनं गाईनं उत्तर दिलं! पाठोपाठ मामांचा हंबरडा.

मामा बाहेर आले ते नखशिखांत निथळत. मी धावत खाली आलो.

"पोरीचं सगळं धुऊन टाकलंत तुमी," बायको पुटपुटली. मला तर टाकीतच उडी घ्यावीशी वाटली.

विद्या टॉवेल घेऊन पुढं झाली, मामांकडं बघून फिस्सकन हसली. मुलगाही हसला. मग दोघांना हसू आवरेना!

"पोरगी पसंत हाय," मामा डोकं पुसत म्हणाले. "पण एक अट. ह्यांनी आमच्याकडं नळाला हात लावायचा न्हाई."

आता लेकीकडे जेवायला गेलो की जावई तांब्या घेऊन स्वतः माझ्या हातावर पाणी घालतात. बघणारे म्हणतात, "सासऱ्याचा केवढा मान ठेवतोय!"

मीही मान डोलावतो.