वेधशाळा आणि काकूंची पन्हळ

वस्तीत त्याला सगळे ‘वेधशाळा’ म्हणत, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करत असला तरी मनातून खूश असे. धंदा पन्हळी दुरुस्तीचा. छपराच्या कडेची तुंबलेली पन्हळ उपसायची, सांधे बुजवायचे, पाणसळ लावून उतार काढायचा. शिडीवर चढलं आणि पावसानं गाठलं की फजिती होते, म्हणून त्यानं भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं यंत्र लावलं, गच्चीत पर्जन्यमापक ठेवला आणि अकरा वर्षं आकडे वहीत उतरवले. सरकारी अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा. टेकडीच्या खिंडीतून आलेला ढग आपल्या चार गल्ल्यांवर कधी रिकामा होतो, ते याला ठाऊक. रोज सकाळी तो वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंदाजाच्या दोन ओळी टाकी. कधी चुके, लोक टेर खेचत, तो ‘चुकलो बुवा’ लिहून मोकळा होई.

त्या बुधवारी यंत्राचा काटा भराभर खाली आला होता, म्हणजे पाऊस नक्की. शिवणकाम करणाऱ्या काकूंची पन्हळ त्यानं आदल्याच दिवशी काढून अंगणात ठेवली होती, त्यामुळे छपराची कड उघडी पडली होती. तेवढ्यात दुमजली घरवाल्या इंजिनिअरचा फोन आला: आजच या, नाहीतर दुसरा माणूस बघतो. इतकं मोठं काम त्याच्याकडे कधीच आलं नव्हतं. पाऊस लिहिला तर आधी काकूंकडे जाणं भाग होतं. त्यानं लिहिलं, ‘आज-उद्या कोरडं.’

बायकोनं विचारलं, सकाळी तर काटा पडलाय म्हणालात? तो म्हणाला, यंत्र जुनं झालंय. अकरा वर्षांत त्या यंत्राला त्यानं नाव ठेवलं नव्हतं.

काकूंच्या अंगणातून तो शिडी आणि लागतील तेवढी हत्यारं उचलत असताना त्यांनी विचारलं, आज लावताय ना? उद्या लावतो, कोरडंच आहे, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणाला. बरं, म्हणून त्या निमूट मशीनवर बसल्या. पाऊस संध्याकाळपर्यंत कळ काढेल, तोवर आपण परत येऊ, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो!

तीनला पाऊस कोसळला. इंजिनिअरच्या नव्या पन्हळीतून पाणी झकास वाहत होतं.

काकूंकडे छपराचं सगळं पाणी भिंतीवरून खिडकीत शिरलं. खिडकीखाली शाळेच्या नाटकाचे सोळा पोशाख बेतून ठेवले होते. वरच्या लाल कापडाचा रंग खालच्या पांढऱ्यात उतरला. नाटक शनिवारी होतं, आणि काकूंनी दिलेला शब्द आजवर चुकवला नव्हता.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘वेधशाळा बुडाली.’ हा उत्तर जुळवत होता, तोच काकूंचा तिथेच निरोप आला: ‘त्यांचं काय चुकलं? माझीच खिडकी उघडी राहिली.’ त्यानं लिहिलेलं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

गुरुवारी उजाडताच त्यानं पन्हळ बसवली. उतार तीनदा तपासला, बादलीभर पाणी सोडून पाहिलं. मग दारात उभा राहिला. काकू नवं कापड शिवत होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता.

“काकू, माझा अंदाज चुकला नव्हता. पाऊस येणार हे मला माहीत होतं.”

त्यांनी हातातली शिवण टोकापर्यंत नेली आणि मग मशीन थांबवलं.

“ते कळलं मला. पाऊस थांबल्यावर अंगणात आले. सगळं भिजलं होतं. तुमची उरलेल्या हत्यारांची पिशवी तेवढी ताडपत्रीत गुंडाळलेली होती.”

आपण ती कधी गुंडाळली, हे त्याला आठवेना. हातांनी सवयीनं केलं असणार. शरमेनं त्याची मान वर होईना. आत्ताच्या आत्ता ग्रुपवर सगळं खरं लिहितो, असं तो कसंबसं म्हणाला.

“नको,” काकू म्हणाल्या. “कोण बोलावेल मग तुम्हाला? घर कसं चालवाल?”

त्यानं मान हलवली आणि शिडी उचलली. फाटकापाशी येईपर्यंत त्याला जाणवलं, की आपल्याला हायसं वाटतंय. काकूंचं कापड नासलं, त्या आपल्यासाठी खोटं बोलल्या, हे सगळं ठाऊक असूनही हायसं वाटतंय. पुढे लोक त्याला ‘वेधशाळा’ म्हणतच राहिले, आणि त्या हायसं वाटण्याची लाज काही त्याच्या मनातून गेली नाही.