वळणावरच्या मावशी

घाट उतरून रस्ता सपाटीला लागतो, त्या वळणावर मावशींची खाणावळ आहे. आठ बाकं, वर पत्रा, मागे निजायची एक खोली, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. नवरा होता तेव्हा ब्रेक तापलेले ट्रक तिथे निवायला थांबत आणि गाडी निवेपर्यंत ड्रायव्हर जेवून घेत. घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा, भात आणि वर कापलेला कांदा, एवढंच. नवरा गेल्यावरही मावशींनी तेच चालू ठेवलं. दुसरं काही येत होतं असं नाही, आणि हे मात्र उत्तम येत होतं.

खिडकी नंतरची. तिला कारण मावशींचीच जीभ.

सहा वर्षांपूर्वी एक प्रवासी जेवून गेला. वाटेवरच्या, कायम लक्षात राहतील अशा जेवणाच्या जागा शोधत हिंडायचं आणि त्यांवर वर्तमानपत्रात लिहायचं, हे त्याचं काम. बोटं चाटत त्यानं विचारलं, "मावशी, या चवीचं गुपित काय हो?"

"गुपित कसलं डोंबलाचं? आजवर मी पळी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. मीठसुद्धा माझ्याच हातचं पडतं."

बोलणं खरं होतं, पण त्यात थोडी फुशारकीही होती. सून तेव्हा नुकतीच घरात आली होती आणि तिला कांदा चिरण्यापलीकडे काही करू दिलं जात नव्हतं. प्रवाशानं ते वाक्य जसंच्या तसं छापलं. मग गाड्या येऊ लागल्या. हातात फोन धरून माणसं उतरत, मावशींना निरखत आणि विचारत, "त्या तुम्हीच ना?" मुलगा हुशार. त्यानं भिंत फोडून खिडकी केली. लोकांना जेवता जेवता मावशी दिसल्या पाहिजेत, पळी त्यांच्याच हातात आहे याची खात्री पटली पाहिजे.

तेव्हापासून मावशी त्या चौकटीत अडकल्या. पाच मिनिटं बाजूला झाल्या तरी बाहेरून आवाज येई, "मावशी नाहीत का आज?" ताप आला तरी उभ्या राहिल्या. भाच्याच्या लग्नाला जाणं झालं नाही. आणि गंमत म्हणजे, एवढं जग त्यांच्या दारातल्या रस्त्यानं जाई, पण चुलीपाशी उभं राहिलं की खिडकीतून दिसायची ती फक्त जेवणारी तोंडं. रस्ता दिसायचा नाही.

तो भाचा आता परदेशात राहत होता आणि आईला कायमची घेऊन चालला होता. आई म्हणजे मावशींची थोरली बहीण, ताई. विमानतळाला जाण्याचा रस्ता याच वळणावरून. "अकरा ते बारा तुझ्याकडे बसणार," ताईनं फोनवर सांगितलं होतं. "आता पुन्हा कसली येतेय मी? गुडघे दारापर्यंत नेत नाहीत."

वार नेमका रविवार.

"एक तास बंद ठेवू," मावशी मुलाला म्हणाल्या.

"रविवारी? आई, दोनशे किलोमीटरवरून माणसं येतात! दाराला कुलूप बघून परत जातील, आणि पुढे काय लिहितील माहितेय?"

"काय लिहितील?"

"तू सकाळीच मोठं पातेलं करून ठेव. मी वाढतो. तू बस ताईमावशीजवळ निवांत."

मावशींनी मान हलवली. मुलगा निवांत म्हणाला की आपल्याला उभं राहावं लागतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

ताईची गाडी यायला वीस मिनिटं उशीर झाला. तोवर मोठं पातेलं खरवडून झालं होतं आणि दुसरं चुलीवर चढलं होतं. ताई मागच्या खोलीत खाटेवर टेकली. भाचा दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. मावशींना मावशी म्हणण्याचा खरा हक्क त्या एकट्याचा. बाकी सगळे रस्त्यावरचे भाचे.

"वाळलीस गं," ताई म्हणाली.

"वाफेनं. रोज थोडी थोडी शिजते मी."

दोघी हसल्या. एवढ्यात हाक आली, "आई! दाणे लागतायत खाली!" मावशी उठल्या. परत आल्या तर पाठोपाठ दुसरी हाक, "आई, आठ जणांची पार्टी आलीय, खिडकी रिकामी कशी विचारतायत!" मावशी पुन्हा गेल्या. हात पदराला पुसत परतल्या तेव्हा ताई भिंतीकडे बघत बसली होती.

"मी तुला भेटायला आलेय की तुझ्या पाठीला?" ती म्हणाली. "लहानपणी एका जागी बसायची नाहीस म्हणून आई तुला खांबाला बांधायची. आता सोडवायला कुणी नाही का?"

हे ताई चेष्टेत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. बारा वाजायला अठरा मिनिटं उरली होती.

मावशी चुलीपाशी गेल्या. सून कांदा चिरत होती. मावशींनी पळी तिच्यापुढे धरली.

"घे."

"मी?" सुनेनं आधी हात पुसले, मग पुन्हा पुसले. "आई, मीठ?"

"तूच बघ."

आणि मागे न बघता त्या खोलीत येऊन खाटेवर मांडी घालून बसल्या. मांडी घालून त्या दिवसा कधी बसल्या होत्या, आठवेना. ताईनं त्यांचा हात मांडीवर घेतला, उलटा केला, भाजल्याचे डाग मोजले. आईची गोष्ट निघाली, मग शेजारच्या टकलू मास्तरांची, ताईनं त्यांची छडी विहिरीत टाकली होती त्याची. "ती तू टाकलीस? आणि मार मी खाल्ला होता!" मावशी म्हणाल्या. "माहितेय," ताई म्हणाली, "म्हणून तर आज सांगितलं. तिकडे जाऊन फोनवर कबूल करायला बरं वाटलं नसतं."

सुनेनं ताट आणून ठेवलं आणि पळाली. ताईनं घास घेतला, चघळला.

"मीठच नाही गं यात."

मावशींनी चाखलं. खरंच, चिमूटभरही नव्हतं. त्या उठायला गेल्या, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "वा! याला म्हणतात चव!" दुसरा म्हणाला, "मावशींचा हातच वेगळा. तीन तास गाडी चालवल्याचं सार्थक झालं."

ताईनं तोंडावर पदर धरला. तिचे खांदे हलू लागले. मावशींनाही आधी हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच विरलं. ज्या तापात उभ्या राहिल्या तो ताप, जे लग्न हुकलं ते लग्न, हे सगळं कुणाच्या जिभेसाठी होतं?

"आई!" मुलगा दारात आला. "फोटोपुरती ये. एकच मिनिट."

"सांग त्यांना, मावशी जेवायला बसल्यात."

"पण आई..."

"जेवायला बसल्यात म्हण. खाणावळ आहे ना ही?"

एकाच ताटात दोघी ते अळणी जेवल्या. भाच्यानं तीनदा घसा खाकरला, मग ताईला हात देऊन उठवलं. स्वयंपाकघरातून जाताना मावशी सुनेच्या कानाशी म्हणाल्या, "मीठ राहिलंय."

"अगं बाई! सगळ्यांना वाढलं की मी!"

"आणि सगळ्यांनी खाल्लं. आता घाल. थोडं घालून चाखत जा, जिभेला कळतं."

मावशी गाडीबरोबर चालत वळणाच्या टोकापर्यंत गेल्या. ताईनं काचेतून हात बाहेर काढला होता, तो दिसेनासा होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि दिसेनासा झाल्यावरही तिथेच राहिल्या. पुढे रस्ता सरळ होता, किती लांब ते त्यांना माहीत नव्हतं.

मागून, खिडकीजवळून, कुणीतरी विचारत होतं, "मावशी कधी येणार?"

"त्यांच्या ताईला पोचवायला गेल्यात," सुनेचा आवाज आला. "भात वाढू का?"